गढीवरची मैफल : सह्या, पेवं आणि रात्रीचे दहा

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, माघ शुद्ध एकादशी. सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाकडच्या एका गावात, पडक्या गढीच्या चौकात आम्ही उघड्यावर शास्त्रीय संगीताची मैफल केली. साडेतीनशेच्या वर माणसं आली, गाणं ऐकून धड घरी गेली. गढी माझ्या मैत्रिणीच्या आजोळची. गढीत समंध आहे असं गाव मानतं. ऑगस्टमध्ये चहा पिता पिता निघालेली कल्पना प्रत्यक्षात यायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या काळात कुठे काय अडतं हे सांगणारं कुणी भेटलं नाही, म्हणून हे लिहितेय. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. गुप्तधनाच्या आशेने रात्री पहार घेऊन येणारे तिथे आधीच कमी नाहीत.

सुरुवात मालकीपासून. गढी गावठाणात असल्यामुळे तिचा सातबारा निघत नाही, ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे कर आकारणीच्या नोंदीचा, उतारा निघतो. त्यावर मैत्रिणीच्या पणजोबांचं नाव अजून तसंच होतं. खाली वारसांचे नऊ हिस्से. कोणी लातूरला, कोणी ठाण्याला, एक मामा सुरतेला. कार्यक्रमाला हरकत नाही असं प्रत्येकाकडून नोटरी करून घ्यायचं होतं. अर्धी सहमतिपत्रं शंभराच्या मुद्रांकावर झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा मुद्रांक बंद होऊन पाचशेचा आला. उरलेली पाचशेवर करावी लागली, नोटरीचे पैसे वेगळे.

ठाण्याचे मामा सही करेनात. फोनवर गोड बोलायचे, "करू की, काय घाई आहे," आणि पुढचा आठवडा. शेवटी मैत्रिणीच्या आईने स्वतः जाऊन विचारलं तेव्हा खरं कारण कळलं. गढीत कार्यक्रम झाला, बातमी आली, की उद्या वाटणीच्या वेळी गावातला भाऊबंद म्हणेल, ताबा माझा, हा बघा पुरावा. मग आम्ही पत्रात एक वाक्य घातलं : ‘सदर कार्यक्रमामुळे कोणत्याही हिस्सेदाराचा मालकी अथवा ताबा हक्क सिद्ध होणार नाही वा बाधित होणार नाही.’ दुसऱ्या दिवशी सही आली. एकत्र मालकीच्या वाड्यात किंवा गढीत काही करायचं असेल, तर हे वाक्य पहिल्याच मसुद्यात टाका.

गढी संरक्षित स्मारक आहे का, हेही आधीच बघून घ्यावं. याद्या दोन असतात. केंद्राची, १९५८ च्या कायद्याखालची, आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची, १९६० च्या कायद्याखालची. केंद्र संरक्षित स्मारक जवळ असेल तर २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, त्यामुळे स्टेज कुठे आणि कसं उभं करायचं हे त्या खात्याला विचारल्याशिवाय ठरवता येत नाही. आमची गढी कुठल्याच यादीत नव्हती. अर्ज एक कमी झाला. पण यादीत नाही म्हणजे तिची डागडुजी बघायलाही कोणी येत नाही, हे त्या ढासळत्या भिंतींखाली उभं राहिल्यावर जाणवतं. खालचे थर दगडी, वरचा भाग पांढऱ्या मातीचा. ती माती माळवदावर, म्हणजे घरांच्या मातीच्या छतावर, टाकायला गावाने वर्षानुवर्षं नेली, आणि पावसाने उरलेलं काम केलं.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. पोलीस ठाण्यात गेलो तर टेबलावरच्या हवालदारांनी कागदाला हातही लावला नाही. "ताई, निकाल लागू द्या, मग या." त्यांच्यावर रागवण्यात अर्थ नव्हता. २३ नोव्हेंबरच्या निकालापर्यंत सगळा बंदोबस्त निवडणुकीतच अडकलेला.

तो महिना स्ट्रक्चरल इंजिनिअरला गढी दाखवण्यात गेला. फी सहा हजार आणि जाण्यायेण्याचा खर्च. हे पैसे वाचवायचा विचारही करू नका. पश्चिमेची भिंत बाहेर फुगलेली निघाली, तिच्यापासून उंचीच्या दीडपट अंतरात कोणी बसायचं नाही असं त्यांनी लिहून दिलं. दिंडी दरवाज्यावरची तुळई कुजलेली होती, तिला खालून लोखंडी टेकू. आणि चौकातली जमीन पहारीने ठोकत चालताना ते थांबले. एका ठिकाणी आवाज पोकळ येत होता. खाली पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार, असावं, अजूनही असतील, म्हणाले, जुनं माणूस कोणी असेल तर विचारून घ्या.

ते माणूस आम्हाला डिसेंबरमध्ये भेटलं. ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ना-हरकतीचा विषय येणार होता. त्याआधी सरपंचांनी सुचवलं की मारुतीच्या देवळात एकदा सगळ्यांशी बोला. बोललो. पहिला प्रश्न गाण्याबद्दल नव्हताच. "खड्डे किती घेणार?" मांडवाचे खांब रोवायला खड्डे लागतील, असं कोणीतरी ऐकलं होतं. गढीत खड्डा म्हणजे गुप्तधन, हे गणित गावात पक्कं. एकाने उघड विचारलं की गाणं हे निमित्त तर नाही ना. आमच्यातला एक जण चिडला, मला मात्र प्रश्न रास्त वाटला. गुप्तधनाच्या नावाखाली काय काय झालंय हे त्या भागाला चांगलं ठाऊक आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्या अघोरी प्रकारांचा समावेश उगाच झालेला नाही. शिवाय जमिनीत पुरलेलं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तो कायदा तर १८७८ सालचा. आम्ही तिथल्या तिथे कबूल केलं की एकही खड्डा घेणार नाही. मांडव टाकलाच नाही. दिव्यांचे खांब वाळू भरलेल्या पत्र्याच्या पिंपांत उभे केले. गढीच्या भिंतींनाही ते बरं.

मग समंधाचा विषय निघाला. वर्णनं तीन तऱ्हांची आली. ईशान्येच्या बुरुजावर रात्री कोणीतरी घशातून खरखरीत ओरडतं. मागच्या पिंपळावर मुंजा आहे. आणि चौकाच्या दक्षिणेला समंध पाय ओढतो. शेवटची गोष्ट एका आजींनी सांगितली. त्यांच्या सासूच्या वेळी दोघे भाऊ पेवात ज्वारी काढायला उतरले. थोरला गप्प झाला म्हणून धाकटा उतरला. "दोगंबी माघारी आलं न्हाईत. तवापासनं तिकडं पाय ठेवत न्हाई कुणी."

पेवात माणूस का मरतो हे त्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. बंद पेवात धान्य आणि बुरशी श्वास घेत राहतात, प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठून राहतो. पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. आजींना मी हे ऐकवलं नाही. त्यांना एवढंच विचारलं की ती जागा दाखवाल का. त्या दुसऱ्या दिवशी नातवाचा हात धरून आल्या आणि काठीने दोन जागा दाखवल्या. एक इंजिनिअरला लागलेली, दुसरी त्यांच्या पहारीतून सुटलेली. तिथेच आम्ही स्टेज घालणार होतो.

त्यानंतर मी गावातली भुताची प्रत्येक गोष्ट वही काढून ऐकली. अशा जागी काम करायचं असेल तर ऐकाच. गढीचा नकाशा नव्हता, जुन्या दुरुस्त्यांची नोंद नव्हती. कुठे जायचं नाही याची आठवण फक्त या गोष्टींत शिल्लक होती. बुरुजावरचं ओरडणं गव्हाणी घुबडाचं निघालं, पांढऱ्या तोंडाची जोडी तिथे राहते. ती जागा रिकामीच ठेवली. पिंपळाच्या मुंज्याचा मात्र मला कसलाच उलगडा झाला नाही. पार छान आहे, झाड निरोगी आहे. पण त्या झाडावर आग्या मोहोळ होतं, म्हणून तिकडेही कोणाला बसवलं नाही. आग्या माश्या रात्री दिव्याकडे येतात. एकही प्रखर दिवा त्या दिशेला लावायचा नाही आणि चूल, धूप, फटाके काहीही त्या अंगाला नाही, हे लाइटवाल्याला लेखी दिलं होतं.

स्टेज उत्तरेच्या सोप्यापुढे, म्हणजे ओसरीपुढे, सरकवलं. दोन्ही पेवांभोवती बांबूचं कुंपण घातलं. गावाने सांगितलं की तिथे नारळ फोडा. आमच्यात यावरून बराच वाद झाला. माझं मत होतं की बांबूचं कुंपण आहे तोवर नारळाला माझी हरकत नाही, आणि नारळ आहे म्हणून कुंपण गाळायचं नाही. दोन्ही झालं.

ना-हरकत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली, स्वच्छतेपोटी दोन हजार अनामत भरून. तारखेचा घोळ तेव्हाच सुटला. आमच्या मनात २५ जानेवारीचा शनिवार होता. पोलीस म्हणाले, दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन, माणूसबळ नाही. गाव म्हणालं, मौनी अमावास्या चार दिवसांवर, बाया येणार नाहीत. पुढे ढकलावं तर ११ फेब्रुवारीपासून बारावीची परीक्षा. मास्तरांनी सरळ सांगितलं की परीक्षा सुरू झाल्यावर स्पीकर लावलात तर पहिली तक्रार मी करीन. राहिला ८ फेब्रुवारी. त्यातल्या त्यात चांदणंही होतं, पौर्णिमा १२ ला.

पोलिसांच्या अर्जाला काय काय जोडलं ते सांगते, कारण यादी कोणी एकदम देत नाही. नमुना ८, सगळी सहमतिपत्रं, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला, इंजिनिअरचा अहवाल, कार्यक्रमपत्रिका वेळेसकट, कलाकारांची नावं, अपेक्षित उपस्थिती, स्वयंसेवकांची नावं आणि मोबाइल नंबर, वाहनतळाचा हाताने काढलेला नकाशा, ध्वनिवर्धकवाल्याचं हमीपत्र. शंभर मीटरच्या आत शाळा, दवाखाना, न्यायालय आहे का, हे विचारतात. नसेल तर अर्जातच तसं लिहा. पोलीस ठाणं आणि दुसरं एक सरकारी कार्यालय, दोघांनीही आधी दुसऱ्याची परवानगी आणा असं सांगितलं, आणि यात जवळजवळ तीन आठवडे गेले. अखेर एका निवृत्त लिपिकाने मार्ग दाखवला. एकच अर्ज, दोघांच्या नावे, खाली ‘प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव सादर’, आणि एकाच दिवशी दोन्हीकडे आवक क्रमांकासह पोच. मग कोणालाच ‘आमच्याकडे आलंच नाही’ म्हणता येत नाही. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद सोडू नका.

वेळेवर मात्र कुठेच तडजोड नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक नाही, वाद्यंही नाहीत. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस गणेशोत्सव-नवरात्रासारख्यांसाठी आधीच ठरतात. आमची तारीख त्यात नव्हती. आवाजालाही मर्यादा आहे, जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी ते. गावठाण रहिवासी धरलं तर दिवसाचं मानक ५५, म्हणजे आमची मर्यादा ६५. गाण्याला तेवढा आवाज पुरतो. खरं तर तेवढाच असावा, असं माझं मत आता झालंय.

पण दहाचं बंधन रागांना जाचतं. पुण्यातला १९५३ साली सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव पहाटेपर्यंत चालायचा, त्यालाही या नियमाने घड्याळाशी बांधलं. आमच्या गायिकेने आधी मालकंस धरला होता. गावातल्या भजनी मंडळाचे वीणेकरी बुवा ते ऐकून म्हणाले, "बाई, बाकी कायबी म्हना, त्यो नगं." मालकंसाने भुतं येतात ही समजूत गवयांमध्येही जुनी आहे, त्या हसून म्हणाल्या, आमच्या गुरूंनीही एकट्याने रात्री गाऊ नको म्हणून बजावलं होतं. तशीही मालकंसाची वेळ मध्यरात्रीनंतरची. दहाच्या आत तो गाण्यात त्यांनाच रस नव्हता. मालकंस गळला. गावाला वाटलं आम्ही त्यांचं ऐकलं, पोलिसांना वाटलं आम्ही त्यांचं ऐकलं.

गाण्याच्या हक्कांची चौकशीही करून ठेवा. पारंपरिक बंदिशी आणि संतांचे अभंग यांना प्रश्न येत नाही, पण अभंगाची चाल अलीकडच्या संगीतकाराची असेल तर तो हक्क वेगळा. नाट्यपदाचे कवी आणि संगीतकार दोघांनाही जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर ते मोकळं. मधल्या वेळात रेकॉर्ड वाजवायची असेल तर तिचा परवाना वेगळा. आम्ही वाजवलीच नाही. प्रवेश विनामूल्य ठेवला, नावनोंदणी करून. तिकीट लावणार असाल तर माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तेव्हा जीएसटी नव्हता, तुमच्या वेळी काय आहे ते विचारून घ्या.

परवानगीचं पत्र कधी मिळालं? गुरुवारी ६ तारखेला, संध्याकाळी. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. स्थळपाहणीला गोपनीय विभागाचे हवालदार बुधवारी आले, कुंपण बघितलं, तुळईचा टेकू हलवून बघितला आणि विचारलं, "रात्री इथं सामानापाशी कोण झोपणार?"

याचं उत्तर आमच्याकडे होतं असं आम्हाला वाटत होतं. साउंडवाल्याची पोरं शुक्रवारी संध्याकाळी सामान उतरवून झाल्यावर गाडीत जाऊन बसली. गढीत झोपणार नाही, पैसे कापा. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलं होतं. घुबडानेही नेमकी तीच वेळ साधली. मीही तिथे एकटी थांबले नसते, हे कबूल. भजनी मंडळाला कळलं तसे सात-आठ जण वाकळा घेऊन आले. वीणेकरी बुवा म्हणाले, उद्या एकादस, आज इथंच पाठ टेकू. मोबदल्यात त्यांनी सुरुवातीचा अर्धा तास मागितला. आम्ही सव्वापाच ते पावणेसहा दिला, आणि या एका गोष्टीने कार्यक्रम गावाचा झाला. आपला दीर, आपला भाचा टाळ वाजवणार म्हणून बायका पुढे येऊन बसल्या. नाहीतर समोर फक्त पुण्याहून आलेले आम्हीच असतो.

मैफल कशी झाली याचं वर्णन करायला मी योग्य माणूस नाही, मी बहुतेक वेळ जनरेटरपाशी होते. सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळला तेव्हा मारवा चालू होता, आणि तेवढ्या वेळात एकही मोबाइल वाजला नाही हे मात्र पाहिलं. मग हवा गार झाली. तानपुऱ्याच्या तारा चढू लागल्या, दोनदा थांबून जुळवाव्या लागल्या. उघड्यावर करणार असाल तर वाद्यं तासभर आधी त्याच हवेत बाहेर काढून ठेवा आणि कार्यक्रमपत्रिकेत जुळवणीला वेळ सोडा. नऊ पस्तीसला भैरवी, नऊ पन्नासला स्पीकर बंद. हवालदारांनी घड्याळ बघून मान डोलावली. नंतर त्यांनी मारव्याचं नाव विचारून घेतलं.

परतीची वाट अंधारी असते, इकडे लक्ष द्या. गढीपासून रस्त्यापर्यंत दोन्ही बाजूंना दिवे ठेवले होते आणि वस्तीवरच्या बायकांसाठी दोन जीप. बायकांचा मूळ आक्षेप भुताच्या नावाने आला तरी त्यात ही वाट होतीच. १०८ ची रुग्णवाहिका कार्यक्रमापाशी उभी राहत नाही, ती बोलावल्यावर येते. म्हणून तालुक्यातून खासगी गाडी घेतली.

खर्च : आवाज आणि दिवे ४२ हजार, जनरेटर डिझेलसकट १३, फिरती स्वच्छतागृहं १६, स्टेज ११, टेकू-कुंपण ९, रुग्णवाहिका ४, जीप ३, नोटरी-मुद्रांक-झेरॉक्स जवळपास ६, उपवासाच्या फराळासह चहापाणी १८, इंजिनिअर धरून एकूण सव्वा लाखाच्या थोडं पुढे. कलाकारांचं मानधन यात नाही. गावाची अनामत साफसफाईनंतर दहा दिवसांनी परत मिळाली, पावती दाखवल्यावर. पेवांभोवतीचं कुंपण मात्र काढू दिलं नाही. ते राहू द्या, असं आजींनी नातवाकडून कळवलं.

तुमच्याकडेही अशी वाटणी न झालेली गढी किंवा वाडा असेल आणि हिवाळ्यात काही करायचं मनात असेल, तर सह्यांचं काम दिवाळीला उरका. तेव्हा सगळे हिस्सेदार गावाला असतात, नोटरीला एकदाच बोलावता येतं, आणि ठाण्याचे मामाही समोरासमोर नाही म्हणत नाहीत.